रॅम्प, कुलर आणि पाचवीचा वर्ग: शाळा उघडण्याआधी काय काय बदलावं?

शाळासमिती_मानेवाडा

नमस्कार मंडळी. नागपूरच्या मानेवाडा भागातली अनुदानित मराठी शाळा आहे, इमारत जुनी, दुमजली. येत्या सत्रात पाचवीतल्या तीन मुलांसाठी आतापासून तयारी करायची आहे. एक मुलगी व्हीलचेअर वापरते (सेरेब्रल पाल्सी, हाताची पकडही कमी). एक मुलगा दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावतो. तिसऱ्या मुलीची नजर खूप अधू आहे, पण पूर्ण अंध नाही.

मापं देतो. व्हरांड्याचं जोतं जमिनीपासून दोन फूट, चार पायऱ्या. व्हरांड्यापासून कंपाउंडची भिंत पंधरा फुटांवर, व्हरांड्याची लांबी साठ फूट. पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर, वर टिनाचं छत, लिफ्ट नाही. खाली तीन भारतीय बैठकीचे संडास, प्रत्येकी सव्वातीन फूट रुंद, पाच फूट खोल. प्रत्येक वर्गाला व्हरांड्याच्या खिडकीत एक मोठा लोखंडी कुलर.

ठेकेदार म्हणतो दहा फुटांत रॅम्प बसवून देतो. समितीतल्या काहींचं म्हणणं असं की तिन्ही मुलांना खाली एक वेगळी खोली द्यावी आणि तिथेच विशेष शिक्षक बसवावा. शाळा जूनअखेर उघडेल, हातात दोन महिने आहेत आणि सगळ्याला एकदम पैसे पुरणार नाहीत. आधी काय धरावं?

बांधकाम_उमरेडरोड

भाऊ, दहा फुटांचा रॅम्प अजिबात घेऊ नका. दोन फूट उंचीला दहा फूट म्हणजे १:५ चा उतार. चढताना खुर्ची मागे उलटू शकते आणि उतरताना ढकलणाऱ्याच्या हातून सुटते. नियमाने १:१२ पेक्षा तीव्र उतार चालत नाही. मिस्त्रीच्या भाषेत फुटाला एक इंच. तुमची उंची २४ इंच, म्हणून निव्वळ उतार २४ फूट. शिवाय मध्ये पाच फुटांचा सपाट टप्पा, वर व्हरांड्याच्या तोंडाशी पाच बाय पाचचा सपाट चौथरा आणि खाली खुर्ची वळेल एवढी मोकळी जागा. समोर पंधरा फुटांत हे बसत नाही, पण व्हरांड्याला समांतर नेलं तर साठ फुटांत आरामात बसतं. दोन कठड्यांमध्ये चार फूट मोकळी रुंदी ठेवा. कठडे आणि कडा धरून पाच फूट जातील, रस्त्याला दहा उरतील.

आपल्याकडे रॅम्प बिघडतो तो काळ्या मातीमुळे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. इमारतीचा पाया खोल असल्याने इमारत जागची हलत नाही, वरवर बांधलेला रॅम्प मात्र खाली बसतो. दोन पावसाळ्यांत जोत्याशी अर्ध्या-पाऊण इंचाची पायरी तयार होते. दिसायला ती काहीच नाही, पण खुर्चीची पुढची छोटी चाकं नेमकी तिथे अडतात आणि बसलेलं मूल पुढे फेकलं जातं. म्हणून रॅम्पखालची काळी माती काढून मुरूम भरा. मुरूम एकदम ओतायचा नाही. सहा-सहा इंचाचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसाने ठोकून दाबायचा. रॅम्पचा स्लॅब आणि जोतं एकजीव करू नका. मध्ये इंचभर सांधा सोडून त्यात बिटुमेनचा (डांबराचा) बोर्ड घाला आणि वरून चेकर्ड प्लेट (खरबरीत नक्षीचा लोखंडी पत्रा) टाका. ही प्लेट एकाच बाजूला बोल्टने बसवायची. दोन्हीकडे पक्की केली की हालचालीने वाकते.

पृष्ठभाग काँक्रीटचाच ठेवा, ओला असताना आडवा झाडू ओढून खरबरीत केलेला. पॉलिश केलेली कोटा फरशी किंवा चकचकीत टाइल जुलैत घसरगुंडी होते. दोन्ही कडांना तीन-चार इंच उंच कड हवी, नाहीतर चाक बाजूने खाली उतरतं. कठडा दोन्ही बाजूंना, दोन उंचीवर: ९०० आणि ७६० मिलिमीटर. पाइप ३८ ते ४५ मिलिमीटर जाडीचा आणि उतार संपल्यावर फूटभर पुढे नेलेला. वर टिनाचं शेड टाकणार नसाल तर पाइपवर पीव्हीसीचं आवरण चढवा. एप्रिलच्या उन्हात उघडं स्टील हाताला चटका देतं, मग कठडा असून नसल्यासारखा. रॅम्पच्या पायथ्याशी पाणी साचू नये म्हणून जाळी घालाल, तिच्या फटी अर्ध्या इंचापेक्षा रुंद नकोत आणि चाकाच्या दिशेला आडव्या हव्यात.

पैसे देण्याआधी तपासा. चार फुटांची सरळ फळी उतारावर ठेवा, वर स्पिरिट लेव्हल. वरचं टोक टेकवून फळी समपातळीत आणली की खालच्या टोकाखाली चार इंचांपेक्षा जास्त फट दिसायला नको. हे खाली, मध्ये आणि वर, तिन्हीकडे करा. एकूण लांबी बरोबर आणि शेवटचे चार फूट मात्र उभे, हे सर्रास होतं, कारण काम खालून सुरू होतं आणि उरलेली उंची शेवटी मारून नेतात.

संडास रॅम्पसोबतच घ्या, पुढच्या वर्षावर टाकू नका. जायला जागा नसली की मूल घरून निघताना पाणीच पीत नाही, आणि नागपूरच्या उन्हात हे फार वाईट. तीनपैकी दोन संडासांमधली भिंत काढली की साडेसहा फूट रुंदी मिळते. खोली मात्र सव्वादोन फुटांनी पुढे वाढवावी लागेल, म्हणजे सुमारे २.२ बाय २ मीटर होईल. कमोडची बैठक जमिनीपासून ४५० ते ४८० मिलिमीटर, एका बाजूला खुर्ची लावायला ९०० मिलिमीटर मोकळे. दार ९०० मिलिमीटर मोकळ्या रुंदीचं, बाहेर उघडणारं किंवा सरकतं, कडी बाहेरूनही उघडता येईल अशी. आत उघडणारं दार असेल आणि मूल दारामागे पडलं, तर दार ढकलता येत नाही. पाणी अडवायला केलेला उंबरठा तोडा आणि उतार आतल्या ट्रॅपकडे (पाणी जायच्या जाळीकडे) द्या. धरायचा बार चार इंची भिंतीत नुसत्या स्क्रूवर टिकत नाही, मुलीचं सगळं वजन त्यावर येतं. आरपार बोल्ट आणि मागून लोखंडी पट्टी.

वरच्या मजल्याला रॅम्पचा विचारही नको. साधारण दहा फुटांच्या मजल्याला १२० फूट निव्वळ उतार लागेल.

विशेषशिक्षिका_हिंगणा

म्हणूनच पाचवीची अख्खी तुकडी खाली आणा आणि खालची एखादी तुकडी वर पाठवा. याला एक पैसा लागत नाही, आणि हेच पहिलं काम. वेगळ्या खोलीला माझा स्पष्ट विरोध आहे. तिन्ही मुलांच्या गरजा एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांना एकत्र बसवून शिकवण्याची कुठलीच सोय होत नाही, फक्त ती वर्गाबाहेर जातात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत सुगम्य करावी आणि प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी, असं बंधन आहे. विशेष शिक्षक हवाच, पण त्याने वर्गशिक्षकासोबत बसून पाठाची आखणी करावी. ब्रेल, संकेतभाषा किंवा एखादं कौशल्य शिकवायला ठरावीक तासिकेला बाजूला घेणं वेगळं.

व्हीलचेअरवाल्या मुलीची जागा शेवटच्या बाकामागे ठेवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतला एक बाक काढा, बाजूची वाट तीन फूट ठेवा. टेबलाची उंची अंदाजे घेऊ नका. तिला खुर्चीत बसवून जमिनीपासून खुर्चीच्या हातापर्यंत मोजा, टेबलाची खालची कड त्याच्या जरा वर हवी, म्हणजे खुर्ची आत सरकते. खुर्ची मोठ्या माणसाची असेल तर ती बदलून घेणं टेबलाहून महत्त्वाचं. पाय लटकते राहिले की ती सरकत खाली येते आणि तिची सगळी ताकद सरळ बसण्यातच जाते. पाय खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवर सपाट टेकले की हात मोकळे होतात. जाड पकडीची पेन्सिल आणि वही सरकू नये म्हणून खाली रबरी जाळीचा मॅट, एवढ्यावर पुष्कळ फरक पडतो.

अधू नजरेच्या मुलीबद्दल आधी पालकांकडून एवढं समजून घ्या: तिला मधलं दिसत नाही, कडेचं दिसत नाही, की उजेड सहन होत नाही? जागा त्यावर ठरते. उजेडाचा त्रास असेल तर खिडकीशेजारी बसवणं म्हणजे शिक्षाच. फळ्यावर चमक येत असेल तर खिडकीला पडदा लावा आणि फळा मॅट रंगाने पुन्हा रंगवा.

मोठी अक्षरं म्हणून एफोरचं पान एथ्रीवर झेरॉक्स करून देतात. त्यात अक्षर १.४१ पटच होतं, म्हणजे १२ पॉइंटचं जेमतेम १७, आणि पान मात्र बाकावर मावत नाही. देवनागरीत अनुस्वार, रफार आणि उकार आधी पुसट होतात. "पाणी" आणि "पाणि" यांत घोटाळा होत नाही, पण "चिंता" आणि "चिता" यांत होतो. त्यामुळे मूळ फाइलमध्येच २४ पॉइंट, जाडसर युनिकोड फॉन्ट, ओळींत मोकळी जागा आणि चमक नसलेला कागद. प्रश्नपत्रिका जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करू नका. पडद्यावरचं वाचून दाखवणारं मोबाइलचं टॉकबॅक किंवा संगणकाचं एनव्हीडीए ती वाचताना निरर्थक अक्षरं बोलतं. युनिकोड मजकूर असेल तर दोन्ही मराठी वाचतात, आणि दोन्हींना पैसे लागत नाहीत.

नकाशा मोठा करून भागत नाही. नद्या एका कागदावर, जिल्हे दुसऱ्यावर, असा वेगळा काढा. पायऱ्यांच्या कडेला दोन इंचाचा पिवळा पट्टा आणि व्हरांड्यातल्या खांबांनाही.

श्रवण_धंतोली

मुलाला पहिल्या बाकावर बसवतील, तसं करू नका. दुसऱ्या रांगेत, कडेला, थोडा तिरका बसवा. तिथून त्याला शिक्षकांचे ओठ दिसतात आणि मान वळवली की बोलणारी मुलंही दिसतात. शिक्षकांच्या पाठीमागे खिडकी असेल तर चेहरा काळा दिसतो, ओठ वाचता येत नाहीत.

तुमचा खरा प्रश्न कुलर आहे. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण पंख्याची घरघरही तितकीच मोठी करतं. शिक्षकांचा आवाज गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबलने वर हवा, आणि अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मोठ्या कुलरच्या वर्गात दोन-तीन मीटरपलीकडे त्याला शब्दांऐवजी नुसता आवाज पोचतो. ओरडून बोलणं हा उपाय नाही, ओरडताना ओठांचा आकार बदलतो आणि यंत्रात आवाज फाटतो. कुलर मुलाच्या आणि फळ्याच्या विरुद्ध भिंतीला न्या. तो खिडकीच्या चौकटीला टेकू नये, जमिनीवरच्या स्वतंत्र स्टँडवर रबराचे तुकडे घालून ठेवा. वर्ग सुरू होण्याआधी अर्धा तास पूर्ण वेगात चालवा, तास सुरू झाला की कमी वेगावर आणा. बाकांच्या पायांना रबरी बूच लावा. वर्ग खाली आणल्याने टिनावरच्या पावसाचा आवाजही टळेल, हा वेगळा फायदा.

रोज सकाळी दोन मिनिटांची तपासणी वर्गशिक्षकांना शिकवा. मुलाच्या मागे दोन मीटरवर उभं राहून सहा ध्वनी म्हणायचे: आ, ई, ऊ, म्, स्, श्. प्रत्येक ऐकून त्याने तो म्हणायचा. क्रम रोज बदला. एरवी येणारे स् आणि श् गेले, तर नळीत घाम-पाणी किंवा मळ आहे का बघा. सहाही गेले तर आधी बॅटरी. झिंक-एअर बॅटरीचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवेत ठेवून मगच घाला, लगेच घातली तर लवकर उतरते. कुलरच्या दमट हवेत यंत्रात ओल धरते. रात्री बॅटरी काढून यंत्र सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायला पालकांना सांगा.

पैसे असतील तर शिक्षकांच्या गळ्याशी लावायचा वायरलेस मायक्रोफोन घ्या, त्याच्या यंत्राशी जुळतो का हे ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) तपासूनच. तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर लावायचा. मंगळसूत्र किंवा पदर त्यावर घासला की मुलाच्या कानात तोच आवाज भरतो, म्हणून पिन बाजूला लावा. दुसरं मूल उत्तर देत असेल तेव्हा माइक त्याच्या हातात द्या, नाहीतर शिक्षकांनी ते वाक्य पुन्हा म्हणावं.

शाळासमिती_मानेवाडा

खूप उपयोगी. तुकडी खाली आणायचं समितीने आजच मान्य केलं. रॅम्पऐवजी घडीचा लोखंडी रॅम्प घेऊन काही महिने भागवता येईल का? आणि कुलर व्हरांड्यातच स्टँडवर ठेवला तर चालेल ना?

बांधकाम_उमरेडरोड

घडीचा रॅम्प एका पायरीला ठीक. दोन फुटांना तोही २४ फूटच लागेल, आणि एवढा लांब पत्रा मध्ये लवतो. शिवाय रोज तो लावायला माणूस नसला की मुलगी बाहेरच थांबते.

व्हरांड्यात कुलर नको. वाट तीन फुटांच्या आत आली की खुर्ची अडते. दुसरं असं की स्टँडवरच्या कुलरचा पुढे आलेला भाग छातीच्या उंचीवर असतो, खाली मोकळं. अधू नजरेच्या माणसाची पांढरी काठी खालून निघून जाते आणि डोकं किंवा खांदा पत्र्यावर आपटतो. मागच्या बाजूच्या खिडकीपाशी न्या. पाण्याचा पाइपही चालायच्या वाटेवरून नको, गळती झाली की तिथेच शेवाळ धरतं.

विशेषशिक्षिका_हिंगणा

कागदपत्रांचं एवढंच: तिन्ही मुलांचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे का ते आताच विचारा, नसेल तर पोर्टलवर अर्ज करायला लावा. नावं यूडायसमध्ये (शाळांच्या सरकारी माहिती नोंदीत) दिव्यांग म्हणून नोंदलेली असली पाहिजेत. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आणि मुलींना महिना २०० रुपये दहा महिने असा भत्ता आहे. नोंद नसेल तर मागणीच जात नाही. साधनांसाठी शहर साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांना लेखी पत्र द्या, पोच घ्या. सीआरसी नागपूर या दिव्यांगांच्या पुनर्वसन केंद्राकडेही खुर्ची आणि बैठकीबद्दल विचारणा करा.

परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक. लेखनिक वार्षिकलाच पहिल्यांदा देऊ नका. उत्तर तोंडी सांगणं हे वेगळं कौशल्य आहे: विरामचिन्हं सांगायची, आकृतीतली रेघ कुठून कुठे ते सांगायचं, लिहिलेलं परत वाचून घ्यायचं. पहिल्या घटक चाचणीपासून त्याच लेखनिकासोबत सराव करून घ्या, आणि जादा वेळेसाठी बसायची खोली खालच्या मजल्यावरचीच ठरवा.