मदत हवी आहे: मांजरं भराभर खाऊन लगेच ओकतात

माडाखाली:
घर गुहागरजवळ. तीन मांजरं आहेत: 6 वर्षांचा बोका (साडेचार किलो), 5 वर्षांची भाटी (सव्वातीन किलो) आणि 8 महिन्यांचं पिल्लू. तिघांचीही नसबंदी झालीय. सकाळी 11 ला मासे साफ झाले की डोकी-शेपट्या उकडून, भातात कालवून पडवीत एकाच परातीत देतो. रात्री 8 ला तिघांना मिळून दीडशे ग्रॅम कोरडं खाणं. बोका मिनिटभरात आपला वाटा फस्त करतो आणि पाच-दहा मिनिटांत सगळं बाहेर. दाणे अख्खेच, फुगलेले, लांबट गोळ्यासारखे. आठवड्यातून तीन-चारदा होतं आणि बहुतेक वेळा रात्रीच. भाटीचं कधीतरी होतं, पिल्लाचं नाही. एरवी खेळतात, शीसुद्धा नीट आहे. हळू खाण्यासाठी खाचांचं भांडं मिळतं ते मागवू का? इथे यायला आठवडा लागेल, तोवर काय करू?

खाजण:
भांड्याचं नंतर बघा, आधी वेळा बदला. रात्री 8 ते सकाळी 11 म्हणजे 15 तास पोट रिकामं. मांजराचं पोट थोडं थोडं, पण दिवसातून बऱ्याच वेळा खाण्यासाठी घडलेलं आहे. एका उंदरातून त्याला साधारण 30 कॅलरी मिळतात, म्हणजे बोक्याएवढ्या मांजराला दिवसाला सात-आठ उंदीर लागतील, आणि ते काही तो एका बैठकीत खाणार नाही. त्यात एक परात आणि तीन तोंडं. शेजारचा आपला घास पळवेल या भीतीने तो न चावता गिळतो, सोबत हवाही गिळतो.

रात्रीच जास्त का होतं, तर भात-मासळी ओली आणि मऊ असते, जिभेने उचलून खावी लागते. कोरडे दाणे मात्र चावल्याशिवाय सरळ घशाखाली जातात. वर पाणी प्यायला की ते फुगतात. अन्ननलिका आणि पोट एकदम ताणलं गेलं की आलं वर.

आता प्रमाण. साडेचार किलोच्या, नसबंदी झालेल्या बोक्याला दिवसाला 220 ते 250 कॅलरी पुरतात. 100 ग्रॅम कोरड्या खाण्यात बहुधा 350 ते 400 कॅलरी असतात, तुमच्या पाकिटावर आकडा बघून घ्या. त्याला दिवसाला 30 ग्रॅम कोरडं आणि बाकी मासळी-भात, एवढं बस झालं. कोरड्याचे तीन भाग करा, 10-10 ग्रॅमचे: सकाळी साडेसहा, रात्री 8 आणि झोपण्यापूर्वी साडेदहा. मासळी-भाताचे दोन भाग: 11 ला आणि संध्याकाळी 4 ला, मधल्या वेळात फ्रीजमध्ये. चमच्याचं माप फसवं असतं, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला. भाटीला याच हिशेबाने पाऊण भाग. पिल्लाला वर्षाचं होईपर्यंत पिल्लांचंच खाणं.

भांडं घरातच आहे: आप्पेपात्र. सात खळग्यांचं, जुनं, जड, बिडाचं असेल तर उत्तम, कारण ते सरकत नाही. प्रत्येक खळग्यात पाच-सहा दाणे. एका घासात दोन-तीनच दाणे येतात, मग पुढच्या खळग्याकडे वळावं लागतं. ओलं खाणं त्यात घालू नका, कडेला चिकटून राहतं आणि आंबतं. ओल्यासाठी सपाट ताटली घ्या आणि चमच्याच्या पाठीने पातळ थर पसरा, अर्ध्या बोटाहून जाड नको. करवंट्या वापरायच्या तर कडा घासून गुळगुळीत करा, कोरडंच घाला आणि चार-पाच करवंट्या घरभर वेगवेगळ्या ठेवा. करवंटी कलंडते, म्हणून खाली कापडाची चुंबळ. पावसाळ्यात तिला बुरशी धरते, तेव्हा टाकून नवी घ्या.

एवढ्यानेही बोका उरकत असेल तर दाणे तेवढ्याच मापाच्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, म्हणजे फुगायचं ते बाहेरच फुगेल. आपल्या दमट हवेत भिजवलेलं खाणं अर्ध्या तासाच्या वर उघडं ठेवू नका.

आणि परात बंदच करा. बोका माजघरात दार लावून, भाटी खिडकीच्या कट्ट्यावर, पिल्लू पडवीत. इथे चूक होते ती दार लवकर उघडण्याची: आपलं संपवून बोका दुसऱ्याच्या ताटलीवर जातो आणि सगळा हिशेब वाया. पंधरा मिनिटांनी आधी ताटल्या उचला, मग दार उघडा. पडवीत कावळे किंवा कुत्रं येत असेल तर पिल्लालाही आत घ्या, धास्तीने तेही गिळायला शिकेल.

पाणकोळी:
खाजण यांचं पटलं. मासळीपुरतं माझं. उकडलेला काटा ठिसूळ होतो, घशात नाहीतर आतड्यात रुततो. मासा उकडल्यावर बोटांनी कुस्करा, मणका आणि गालफडाची हाडं वेगळी काढा. डोक्यातली पातळ, धारदार हाडं नजरेला चुकतात, बोटांना लागतात. मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. कालवणाचा रस भातावर ओतायची सवय असेल तर मोडा, कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. खारा बांगडा, सुकट नको, मीठ फार. कच्चाही नको: काही माशांत ब1 जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं, ते शिजवल्यावर निकामी होतं.

किनाऱ्यावरच्या घरात गळाची तंगूस जपून ठेवा. मासळीचा वास लागलेली दोरी मांजर गिळतं. ती तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसली तर ओढू नका, आतडं चिरतं. कापू पण नका, तशीच घेऊन डॉक्टर गाठा.

माडाखाली:
मनापासून आभार. आज रात्री व्हिडिओ काढला. बोक्याचं पोट हलत नाही, मान पुढे करतो आणि गोळा बाहेर. पण महिन्यात दोनदा पहाटे पिवळं, फेसाळ पाणीही पडलेलं दिसलं. ते कशाने?

खाजण:
व्हिडिओ जपून ठेवा, डॉक्टरांना शब्दांपेक्षा तो जास्त सांगेल. पोट न हलता येतं ते गिळलेलं अन्न परत वर येणं. खरी उलटी असते तेव्हा आधी लाळ गळते, ओठ चाटतं, मग बरगड्यांखाली पोट भात्यासारखं आत-बाहेर होतं. पिवळं पाणी म्हणजे पित्त, लांब उपवासानंतर पहाटे येऊ शकतं. साडेदहाच्या 10 ग्रॅमनी ते थांबायला हवं. नाही थांबलं तर तपासून घ्या.

ओकल्यावर लगेच पुन्हा वाढू नका. थोडं पाणी ठेवा, दोन तासांनी नेहमीच्या पाव भाग द्या. मात्र दिवसभर उपाशी ठेवू नका, दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेततं. माणसाचं उलटीचं औषध आपल्या मनाने नको, आणि पॅरासिटामोल तर कधीच नको, अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

जंताचं औषध शेवटचं कधी दिलं? बाहेर फिरणाऱ्या मांजराला दर तीन महिन्यांनी लागतं, वजनावरून. उलटीत शेवयांसारखे पांढरे जंत दिसले तर त्याच दिवशी सांगा.

दोन आठवडे हे सगळं करून बघा आणि दर रविवारी वजन घ्या: बोक्याला पिशवीत घालून काट्याला लावा, पिशवीचं वजन वजा करा. महिन्यात सव्वादोनशे ग्रॅम उतरलं, भूक वाढूनही रोडावला, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही आलं, दिवसभर खाल्लं नाही, किंवा नुसतेच उमासे येऊन बाहेर काही पडत नसेल, तर थांबू नका. पिल्लू दिवसात दोनदा ओकलं तरी तेवढ्यावर निघा, त्याच्या अंगातलं पाणी फार लवकर आटतं. तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक गाई-बकऱ्याच येतात, तेव्हा मांजराचा एक्स-रे तिथे होतो का ते निघण्याआधी फोन करून विचारा, नाहीतर सरळ चिपळूण किंवा रत्नागिरीची तयारी ठेवा.