मान पुढे आली आहे: मशीनची सिटिंग्ज घ्यावीत की व्यायाम? चिन टक नेमकं करायचं कसं?

दुपारची_कॉफी:
वय ४४. रोज ९-१० तास लॅपटॉप, तोही जेवणाच्या टेबलावर. प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत दूरचं आणि जवळचं) आहे. बाजूने काढलेल्या फोटोत कान खांद्याच्या बराच पुढे दिसतो. संध्याकाळी मानेच्या मुळाशी जडपणा येतो आणि आठवड्यातून दोन-तीनदा डोक्याच्या मागून कपाळाकडे येणारी कळ. हातात मुंग्या नाहीत, पकड ठीक आहे. एक्सरेच्या रिपोर्टात 'मानेचा नैसर्गिक बाक कमी' एवढीच ओळ आहे.

फिजिओथेरपीच्या १० सिटिंग्जचं पॅकेज सुचवलंय: शेक, आयएफटी (दुखऱ्या भागाला सौम्य वीजप्रवाह), अल्ट्रासाउंड (तपासणीचं नाही, ध्वनिलहरींचे उपचार), ट्रॅक्शन (मानेला ओढून ताण देणं). घरी करायला चिठ्ठीवर फक्त 'चिन टक २० वेळा', म्हणजे हनुवटी आत घ्यायचा व्यायाम. ते केलं की घसा आवळतो आणि मानेच्या पुढचे दोन दोर ताठ उभे राहतात. मशीनने मान मागे येते का? चिन टक कुठे चुकतंय? आणि पोश्चर बेल्ट घ्यावा का?

सरळरेषा:
मशीनने मान मागे येत नाही. शेक आणि आयएफटीने दुखणं काही तास, फार तर एखादा दिवस कमी होतं. त्या वेळात व्यायाम नीट करता येतो, उपयोग तेवढाच. ट्रॅक्शन हे मुळात मानेतली नस दबून हातात कळ येते तेव्हा वापरायचं साधन. तुम्हाला मुंग्या नाहीत, मग ते कशासाठी, हे विचाराच. 'बाक कमी'ला घाबरू नका. स्नायू आखडले असतील किंवा एक्सरे काढताना हनुवटी जरा खाली असेल तरी तसं दिसतं, आणि काही त्रास नसलेल्यांच्या एक्सरेतही ते सर्रास आढळतं.

सुरू करण्याआधी मोजून ठेवा. मान खाली घाला, मानेच्या तळाशी दोन हाडं वर आलेली लागतील. दोन्हींवर बोटं ठेवून डोकं हळूहळू वर करत मागे न्या. वरचं हाड बोटाखालून आत सरकतं, खालचं जागेवर राहतं. तो सातवा मणका. त्यावर एक टिकली चिकटवा, दुसरी कानाच्या भोकापुढच्या छोट्या उंचवट्यावर. डोकं दोन-तीनदा वर-खाली करून जिथे आपोआप थांबेल तिथे थांबवा आणि बरोबर बाजूने, दोनेक मीटरवरून, फोन खांद्याच्या उंचीवर धरून कोणाकडून तरी फोटो काढून घ्या. मणक्यावरच्या टिकलीतून एक आडवी रेघ, दोन टिकल्या जोडणारी दुसरी रेघ, आणि कोनमापक. साधारण ५० अंशांपेक्षा कमी कोन आला तर मान पुढे आहे असं धरतात. मुद्दाम ताठ उभं राहून काढलेल्या फोटोला काही अर्थ नाही.

खण_मागे_सारा:
चिन टकबद्दल. या नावाखाली दोन वेगळ्या हालचाली खपवल्या जातात, घोळ तिथेच आहे. मान पुढे येते तेव्हा मानेचा खालचा भाग पुढे वाकतो आणि समोर दिसावं म्हणून वरचा भाग मागे मोडतो. त्यामुळे कवटीखालचे छोटे स्नायू आखूड होतात (तुमची कळ तिथूनच येत असण्याची शक्यता बरीच) आणि मणक्याला पुढून चिकटून असलेले खोल स्नायू सुस्तावतात. आधी त्या खोल स्नायूंना जागं करायचं, मागे सरकवणं नंतर.

पाठीवर झोपा, गुडघे दुमडलेले. डोक्याखाली टॉवेलची घडी इतकीच की कपाळ आणि हनुवटी एका पातळीत राहतील. जीभ टाळूला, दात एकमेकांपासून सुटे. आता कुणाला लांबून हळूच 'हो' म्हणावं तेवढीच मान डोलवा. डोक्याची मागची बाजू टॉवेलवर थोडी वर घसरते, उचलली जात नाही. कानामागून गळ्याच्या हाडाकडे येणाऱ्या दोरांवर दोन बोटं ठेवा. ते मऊ राहिले पाहिजेत. १० सेकंद धरा, श्वास चालू ठेवा, ४-५ सेकंद सोडा, असं १० वेळा. तुम्ही बहुधा हनुवटी जोर लावून गळ्यात खुपसताय. मग खोल स्नायूंचं काम दोर आणि घशापुढचे स्नायू करतात आणि घसा आवळतो. जोर निम्म्याहून कमी करा. बघणाऱ्याला काही चाललंय असं वाटलंच नाही, तर बरोबर चाललंय.

दवाखान्यात यासाठी मानेखाली दाबाची पिशवी ठेवतात. सुरुवात २० मिमी पाऱ्यापासून, मग मान तशीच डोलवून काटा २२, २४ असा ३० पर्यंत न्यायचा, दर पायरीला १० सेकंद. घरी काट्याचं बीपी मशीन असेल तर कफची घडी करून मानेच्या पोकळीत ठेवा आणि २० पर्यंत हवा भरा. आकडा ढोबळ असतो, पण काटा थरथरतोय की स्थिर आहे हे छान कळतं. दोर ज्या पायरीला उठतात, त्याच्या एक पायरी खाली सराव करायचा.

दोनेक आठवड्यांनी, हे सहज जमलं की बसून मागे सरकवणं: टेबलाचा खण आत ढकलावा तसं डोकं सरळ मागे, नाकाची उंची न बदलता. ३-५ सेकंद, ८-१० वेळा, दिवसातून तीन-चारदा. हनुवटी वर गेली तर आपण तोच जुना दोष घोटवतोय.

सतरंजी:
नुसती मान धरून बसू नका. पाठीचा वरचा भाग पुढे गोल असेल तर मान मागे जायला जागाच नसते. चादर घट्ट गुंडाळून ८-१० सेंमी जाडीची वळकटी करा, जमिनीवर आडवी ठेवा आणि खांद्याच्या पात्यांच्या खालच्या कडेशी येईल अशी झोपा. हातांनी डोकं तोलून धरा, श्वास सोडत मागे जा, ८ वेळा. मग वळकटी थोडी वर सरकवून पुन्हा. बरगड्या फुगवून कंबर उचलली की वाकते ती कंबर, पाठ तशीच राहते. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालेलं असेल तर हे करू नये.

छातीसाठी दाराची चौकट: कोपर खांद्याच्या उंचीवर, कोपरापासून पुढचा हात चौकटीला टेकवून त्याच बाजूचा पाय पुढे, ३० सेकंद, ३ वेळा. बोटांत मुंग्या आल्या तर कोपर खाली घ्या. रबर बँड ओढायचा व्यायाम १२ चे ३ सेट, एक दिवसाआड. पाती मागे आणि किंचित खाली आली पाहिजेत. खांदे कानाकडे चढले तर बँड जास्त कडक आहे, हलका घ्या.

बेल्ट खांदे मागे ओढतो, मान नाही. काढला की परत तेच. पैसे वाचवा आणि लॅपटॉपचा स्टँड घ्या.

चष्मेबहाद्दर:
प्रोग्रेसिव्ह चष्म्याकडे कोणी पाहिलंच नाही! त्यात जवळचं दिसायचा भाग खाली असतो. स्क्रीन उंच असेल तर माणूस त्या भागातून बघण्यासाठी हनुवटी वर करून पुढे सरकतो. 'स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत' हा नियम इतरांना चालतो. तुम्ही कड त्याच्या ५-८ सेंमी खाली ठेवा आणि स्क्रीन थोडी मागे कलती करा, किंवा फक्त कॉम्प्युटरच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्या. अंतर ५० ते ७० सेंमी. अक्षरं १२५ टक्के करा. बरेच लोक अक्षरं बारीक म्हणून पुढे वाकतात. स्टँड घेतला तर कीबोर्ड आणि माऊस वेगळे हवेतच, नाहीतर मान सुटते आणि खांदे अडकतात.

दुपारची_कॉफी:
सर्वांचे आभार. कोन ४४ अंश आला. कफवर २४ पर्यंत दोर मऊ राहतात, २६ ला उठतात. पण २४ ला सहाव्या वेळेपासून काटा थरथरतो. तरी १० पूर्ण करायचे का? आणि ६० अंश वाकल्यावर मानेवर २७ किलो भार येतो म्हणतात, ते खरं का?

खण_मागे_सारा:
नाही. थरथर म्हणजे खोल स्नायू दमले, त्यानंतरच्या वेळांचं काम दोरच करणार. २४ ला पाच करा, उरलेले २२ ला. दर दोन-तीन दिवसांनी एखादा वाढवा. सलग तीन दिवस १० स्थिर जमले की २६.

सरळरेषा:
२७ किलो हा आकडा २०१४ च्या एका संगणकी मॉडेलमधला आहे, माणसाच्या मानेवर मोजलेला नाही. शिवाय तो मान खाली वाकवल्याचा, पुढे सरकल्याचा नाही. पोस्टरवर शोभतो, व्यायाम त्यावरून ठरत नाही.

टिकल्यांचा फोटो आता सहा आठवड्यांनी. दुखणं बहुतेक आधी कमी होईल आणि कोन मागाहून, थोडाच बदलेल. ४४ चा ४७-४८ झाला आणि डोकेदुखी थांबली तर ५० साठी जीव काढू नका.

मध्येच हातात मुंग्या, वस्तू हातातून निसटणं, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं किंवा मान वाकवताच पाठीतून विजेसारखा झटका, यातलं काहीही आलं तर व्यायाम बंद करून थेट अस्थिरोग किंवा मेंदूविकार तज्ज्ञाकडे. चक्कर आली तरी तेच. लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी.

सतरंजी:
उशीचं राहिलंच. पाठीवर झोपत असाल तर एक पातळ, कुशीवर झोपत असाल तर खांदा ते कान हे अंतर भरेल एवढी. दोन उशा एकावर एक रचून पाठीवर झोपलात तर दिवसभर मागे नेलेली मान रात्री सात तास पुढे ढकललेली राहते.