घसरणं दोन प्रकारचं
बाइकमधलं स्लाइड कंट्रोल म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोलच (मागचं चाक घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा), फक्त नाव नवं, असं या चर्चेत एकांनी लिहिलंय. ते पटलं नाही. दोन्ही शेवटी इंजिनाचा जोर कमी करतात हे खरं, पण दोघांना घसरण कळते ती वेगवेगळ्या खुणांवरून. ट्रॅक्शन कंट्रोल मुळात दोन्ही चाकांच्या वेगातला फरक बघतं. मागचं चाक प्रमाणाबाहेर जास्त फिरलं, की ते घसरतंय असं धरतं. स्लाइड कंट्रोल बघतं ते मागचं चाक आडवं, बाजूला सरकतंय का. नुसत्या चाकांच्या वेगावरून ते नीट कळत नाही, त्यासाठी आयएमयू, म्हणजे बाइकचा झुकाव आणि हालचाल मोजणारा सेन्सर, लागतो. यामाहाने २०१५ च्या आर१ या स्पोर्ट्स बाइकमध्ये सहा अक्षांचा आयएमयू दिला आणि त्याच्यासोबतच स्लाइड कंट्रोल आलं.

आणखी एक गोष्ट, जी इथे कुणीच काढली नाही. बाइक वळणावर झुकली की टायर मधोमध न टेकता कडेवर टेकतो आणि तिथला घेर कमी असतो. म्हणजे तेवढंच अंतर कापायला चाकाला जास्त फिरावं लागतं. मागचा टायर रुंद, पुढचा अरुंद, त्यामुळे हा परिणाम दोन्हीकडे सारखा नसतो. घसरण अजिबात नसतानाही वेगात फरक दिसतो! झुकावाचा कोन माहीत असेल तरच तो हिशेबातून काढता येतो. म्हणून मनापासून सांगतो, दिसायला छान म्हणून वेगळ्या मापाचा टायर टाकू नका, हा सगळा हिशेब बिघडतो. आणि ही दोन्ही राखणदारी मागच्या चाकाची आहे, पुढच्या चाकाची पकड सुटली तर या यंत्रणांच्या भरवशावर राहू नका.