सीट मॅपवरच्या बंद जागा : सोलापूरकरांचे अनुभव

एसटीच्या खिडकीवर रंगवलेली ‘महिला’, ‘अपंग’, ‘विधानसभा सदस्य’ ही अक्षरे वाचत आपण मोठे झालो आहोत, त्यामुळे राखीव जागा ही कल्पना सोलापूरकराला नवी नाही. एसटीत निदान जागा कोणासाठी ठेवली आहे ते लिहिलेले असते. विमानाच्या सीट मॅपवर, म्हणजे संकेतस्थळावर जागा निवडताना दिसणाऱ्या आसनांच्या नकाशावर, न मिळणाऱ्या जागेच्या ठिकाणी नुसता राखाडी चौकोन किंवा फुली दिसते. माझ्या आई-वडिलांचे मुंबईहून अमेरिकेतल्या नेवार्कला जाण्याचे तिकीट मी तीन महिने आधी काढले, तेव्हा इकॉनॉमी वर्गाचा निम्म्याहून अधिक नकाशा राखाडी होता. आई मागे उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, “एवढ्यात भरलं होय रे विमान?” मलाही तसेच वाटले, आणि घाईघाईने जागा निवडण्याचे वेगळे पैसे भरून मी दोघांना एकामागे एक अशा दोन मधल्या जागा घेऊन दिल्या. उड्डाणाच्या दिवशी त्याच राखाडी रांगांतल्या जागा काउंटरवरून बिनपैशांच्या वाटल्या गेल्या, आणि काही तर रिकाम्याच गेल्या, असे बाबांनी पोहोचल्यावर सांगितले.

म्हणून लांब पल्ल्याचा विमानप्रवास केलेल्या सोलापुरातल्या आणि सोलापूरबाहेर स्थायिक झालेल्या मंडळींना विनंती केली की बंद जागांबाबतचा आपला अनुभव लिहावा : जागा कधी बंद दिसली, कधी उघडली, कोणाला विचारल्यावर उघडली. विमान कंपनीचे नाव लिहू नये अशीही अट घातली, कारण हा प्रश्न एका कंपनीचा नाही. आलेले लेखन थोडी काटछाट करून पुढे देत आहे.

नवी पेठेत वीस वर्षे तिकिटांचा व्यवसाय करणारे

सीट मॅप ही प्रवाशांची मोजदाद नव्हे, हे सर्वांत आधी लक्षात घ्यावे. ज्यांनी तिकीट काढले आहे पण जागा निवडलेली नाही, असे प्रवासी त्या नकाशावर कुठेच नसतात. त्यामुळे नकाशा अर्धा मोकळा दिसत असताना विमानाची सगळी तिकिटे विकली गेलेली असू शकतात, आणि नकाशा गच्च दिसत असताना शेकडाभर जागा शिल्लक असू शकतात. मी ग्राहकाला नेहमी सांगतो की विमान भरले आहे का हे पाहायचे असेल तर तिकीट विक्रीला उपलब्ध आहे का ते पाहा, चौकोनांचे रंग मोजू नका. तरी ग्राहक चौकोनच मोजतो.

प्रवाशाला मोबाइलवर जे सरसकट राखाडी दिसते, त्याचे आमच्या पडद्यावर, म्हणजे अमेडियससारख्या आरक्षण प्रणालीत, अनेक प्रकार दिसतात. घेतली गेलेली जागा वेगळ्या खुणेची, पूर्ण बंद ठेवलेली वेगळ्या खुणेची, काही अटींवर देता येणारी वेगळी, बाळाच्या पाळण्याची वेगळी, आणीबाणीच्या दरवाजाजवळची वेगळी. ‘शक्यतो मोकळी ठेवावी, सर्वांत शेवटी द्यावी’ अशा अर्थाचीही एक खूण असते. बंद जागांपैकी बऱ्याच विमानतळाच्या ताब्यात दिलेल्या असतात. आधीचे विमान उशिरा आल्याने ऐनवेळी येऊन थडकलेले प्रवासी, ताटातूट झालेली कुटुंबे, पाय वाकवता न येणारा एखादा रुग्ण, अशांना त्या दिवशी कुठे बसवायचे हे काउंटरवरच्या माणसाला ठरवता यावे, म्हणून त्या जागा संकेतस्थळावरून कोणालाच देत नाहीत.

सिद्धेश्वर एक्सप्रेसची प्रतीक्षा यादी ज्यांनी आयुष्यभर पाहिली आहे त्यांना हे समजायला जड जाऊ नये. रेल्वे मुख्यालयाच्या कोट्यातल्या बर्थ चार्ट लागेपर्यंत धरून ठेवते आणि न लागलेल्या बर्थ शेवटी यादीतल्या प्रवाशांना मिळतात. विमानात चार्टाच्या जागी चेक-इन, म्हणजे आपण प्रवासाला येत असल्याची नोंद, असते. ते कंपनीच्या नियमानुसार साधारण ४८ किंवा २४ तास आधी उघडते. त्या वेळी धरलेल्या जागांचा एक हप्ता सुटतो, दुसरा विमानतळावरचे काउंटर उघडल्यावर सुटतो आणि उरलेला अगदी गेटवर. तीन महिने आधी दिसणारी फुली आणि आदल्या दिवशी दिसणारी फुली यांत म्हणून फार अंतर असते.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे माझ्याकडे दर उन्हाळ्यात भांडणे होतात. तिकीट एका कंपनीचे आणि विमान दुसऱ्या कंपनीचे असले, म्हणजे कोड-शेअर असले, की विकणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर पुष्कळदा सगळाच नकाशा बंद दिसतो किंवा उघडतच नाही. अशा वेळी विमान उडवणाऱ्या कंपनीचा पीएनआर मागून घ्यावा, तो आपल्या तिकिटावरच्या पीएनआरपेक्षा वेगळा असतो, आणि त्या कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकून पाहावे. दहापैकी आठ जणांना हा दुसरा क्रमांक असतो हेच ठाऊक नसते.

जुळे सोलापूर येथील, सात महिन्यांच्या बाळासह प्रवास केलेल्या आई

आम्हाला भिंतीसमोरची पहिली रांग हवी होती, कारण बाळाचा पाळणा, म्हणजे बॅसिनेट, त्या भिंतीलाच अडकवतात. ती सगळी रांग महिनाभर बंद दिसत होती आणि मी रोज सकाळी उठून ती पाहत होते. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “अगं, नुसतं बघत बसण्यापेक्षा फोन करून विचार की.” फोन केल्यावर पाच मिनिटांत कळले की ती रांग बाळ असलेल्यांसाठीच अडवलेली आहे, पण संकेतस्थळाला आमच्यासोबत बाळ आहे याचा पत्ता नाही, कारण बाळाचे तिकीट आम्ही नंतर जोडले होते. बाळाचे वय आणि वजन विचारून त्यांनी तिथल्या तिथे जागा दिली. वजनाची मर्यादा प्रत्येक कंपनीची निराळी असते, त्यामुळे ती आधी विचारलेली बरी.

त्या रांगेचे फार कौतुक करू नये, असेही मला वाटते. समोर आसन नसल्यामुळे पायाशी पिशवी ठेवता येत नाही, जेवणाचे टेबल हाताच्या दांड्यातून निघते म्हणून तो दांडा वर होत नाही, आणि हवा खवळली की झोपलेल्या बाळाला पाळण्यातून काढून मांडीवर पट्ट्याने बांधावे लागते. आमच्या नऊ तासांत हे चार वेळा झाले.

विजापूर रस्त्यावर राहणारे निवृत्त शिक्षक

मी सहा फूट उंच आहे आणि माझ्या गुडघ्यांची तक्रार जुनी आहे. आणीबाणीच्या दरवाजाजवळच्या रांगेत पाय लांब करता येतात असे ऐकून मी ती जागा मागायचे ठरवले. नकाशावर ती बंद होती. मुलगा म्हणाला, “बाबा, ती काउंटरवर मिळते, तुम्ही तिथं विचारा.” मुंबईच्या विमानतळावर मी व्हीलचेअरवर बसून काउंटरपर्यंत गेलो आणि त्याच व्हीलचेअरवरून ती जागा मागितली. पलीकडच्या मुलीने अत्यंत नम्रपणे, पण हसू दाबत, सांगितले की संकटाच्या वेळी त्या रांगेतल्या प्रवाशाला जड दार उघडून इतरांना बाहेर काढण्यास मदत करावी लागते. पस्तीस वर्षे मुलांना नियम शिकवले, पण ही विसंगती माझ्या ध्यानात आली नव्हती. लहान मुले, गरोदर स्त्रिया, बाळ मांडीवर असलेले प्रवासी आणि कर्मचाऱ्यांच्या सूचना न समजणारे यांनाही ती जागा देत नाहीत. म्हणूनच प्रवाशाला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती उघडत नसावेत. तिने मला कडेची एक साधी जागा दिली. तीही तोवर बंदच दिसत होती.

अशोक चौकातले, सध्या हैदराबादला नोकरी करणारे अभियंता

शेवटून दुसऱ्या रांगेतल्या मधल्या चारही जागा बंद होत्या आणि उड्डाणानंतर त्या रिकाम्याच राहिल्या. दिवे मंद झाल्यावर मी उशी-पांघरूण घेऊन तिथे आडवा झालो. पाऊण तासाने एका हवाई सेविकेने मला उठवले आणि भोवतीचा पडदा ओढून घेतला. त्या जागा कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या होत्या. मी माफी मागितली आणि कुतूहल म्हणून विचारले. बोइंग ७७७ किंवा ७८७ सारख्या अनेक विमानांत प्रवाशांच्या डोक्यावर, छताच्या पोकळीत, कर्मचाऱ्यांसाठी झोपायच्या फळ्या असतात, आणि काही एअरबस ए३३० विमानांत ही सोय खाली सामानाच्या तळघरात असते. जिथे अशी सोय नाही, किंवा तेवढी पुरत नाही, तिथे प्रवासी आसनेच अडवून ठेवतात. ही फुली चेक-इनला सुटत नाही, गेटवरही सुटत नाही. ती सुटण्याची वाट पाहू नये.

एक मतभेद, सात रस्ता परिसरातून

वरची सगळी कारणे खरी मानली तरी मला वाटते की मंडळी फार भोळेपणाने लिहीत आहेत. नकाशा जेवढा भरलेला दिसेल तेवढा माणूस घाबरून पैसे भरतो, आणि हे अनुभव मागवणाऱ्यांनी नेमके तेच केले. माझ्या बाबतीत पुढच्या बारा रांगा बंद होत्या; मेव्हण्याने कंपनीच्या नेहमीच्या प्रवाशांसाठीच्या योजनेतला त्याचा सदस्यत्व क्रमांक टाकून त्याच विमानाचा नकाशा उघडला तर त्यातल्या निम्म्या मोकळ्या आणि फुकट. म्हणजे जागा बंद नव्हती, माझ्यासाठी बंद होती.

मुलांच्या बाबतीत मात्र आपल्याकडे एक आधार आहे तो सांगतो. एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, विमान कंपन्यांना निर्देश दिले की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी जागा द्यावी. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. मी एकही पैसा न भरता गेलो, काउंटरवर या निर्देशाचा उल्लेख केला, आणि ‘बंद’ असलेल्या रांगेतून दोन जागा निघाल्या. पीएनआर एकच असावा लागतो हे विसरू नका. सवलतीच्या मोहाने तिकिटे वेगवेगळी काढली तर हे सांगता येत नाही.

*(त्यांचा माझ्यावरचा ठपका मला मान्य आहे. पण घाबरवण्यासाठीच रंगवतात असे म्हणायला माझे मन धजत नाही; घाबरलेल्याचा फायदा होतो एवढे मात्र खरे. – संकलक)*

होटगी रस्ता परिसरातील भगिनी

मी लिहू की नको या विचारात होते, कारण माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे. लंडनला भावाकडे गेलेल्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिथे अर्धांगवायूचा झटका आला. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, पण बसून नव्हे, झोपून. प्रवासी विमानात स्ट्रेचर बसवता येते हे तोपर्यंत आम्हाला माहीत नव्हते. मागच्या भागातल्या आसनांच्या पाठी पुढे दुमडून त्यांवर स्ट्रेचर घट्ट बसवतात आणि भोवती पडदा लावतात. आमच्यासाठी सहा आसने लागली. त्यासाठी डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय अर्ज कंपनीच्या वैद्यकीय विभागाकडून मंजूर व्हावा लागतो, सोबत जाणारे माणूस लागते, आणि भाडे एका तिकिटाचे नसून अनेक आसनांचे असते. मंजुरी यायला आठवडा गेला. त्या आठवड्यात मी दिवसातून कितीतरी वेळा तो नकाशा उघडून पाहत असे, आणि ज्या सकाळी शेवटच्या रांगांतले सहा चौकोन एकदम राखाडी झालेले दिसले, त्या सकाळी मी भावाला ओरडून सांगितले की जागा मिळाली. मंजुरीचा निरोप दुपारी आला.

आम्हाला इतरांच्या आधी विमानात नेले. नंतर लोक चढू लागले तेव्हा एक गृहस्थ मागे डोकावून म्हणाले की इथे एवढ्या जागा रिकाम्या दिसत होत्या, मग आम्हाला का दिल्या नाहीत. पडदा किंचित सरकला आणि त्यांना अण्णांचे पाय दिसले. ते काही न बोलता पुढे गेले, आणि रात्री दोनदा येऊन मला चहा हवा का असे विचारून गेले. उतरल्यावर हैदराबादहून रुग्णवाहिकेने आम्ही पाच तासांत सोलापूर गाठले. वरचे अनुभव वाचताना माझ्या मनात आले की त्या विमानाचा नकाशा पाहून कोणीतरी घरी बसून नक्की म्हणाले असेल, मागच्या सहा जागा उगाच अडवून ठेवल्या आहेत.

संकलकाकडून, आई-वडिलांच्या परतीच्या प्रवासाबद्दल

हे अनुभव गोळा होत असतानाच आई-बाबांची परतीची तारीख आली. या वेळी पैसे भरले नाहीत. चेक-इन उघडल्या उघडल्या न्यू जर्सीतल्या बहिणीने नकाशा पाहिला, तेव्हा आदल्या संध्याकाळपर्यंत राखाडी असलेल्या चाळिसाव्या रांगेत दोन जागा मोकळ्या झाल्या होत्या, मधली आणि कडेची. खिडकीच्या जागेवर मात्र फुली तशीच होती. बहिणीने आईला बजावले, “कुणी बाळ घेऊन आलं तर कुरकूर करू नकोस गं.”

कोणी आले नाही. त्या आसनाची पाठ सरळ उभी राहत नव्हती, म्हणून ‘बसू नये’ अशी पट्टी लावून ते बंद ठेवले होते. असे नादुरुस्त आसन रिकामे ठेवून विमान उडवण्यास नियमांत मुभा असते. बाबांनी फोनवर हे सगळे सांगितले आणि वर म्हणाले की साडेचौदा तास आईच्या शेजारी कोणी नव्हते, तरी ती मधल्या जागेवरच अंग चोरून बसली होती, कारण पट्टीवर लिहिलेले तिने वाचले होते.