सहा-सात गुण करणारा खेळाडू नसला, तर संघाला एवढा फरक का पडतो?

घोडबंदर_३३ (ठाणे)

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, बघायला लागून फार काळ झालेला नाही. सकाळचे सामने ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला ऑफिसला जाताना फोनवर बघतो. स्टार जखमी झाला की संघ हरतो, हे समजतं. पण ज्याचं नाव हायलाइट्समध्येही नसतं असा एखादा खेळाडू बाहेर बसला, की कधी कधी अख्ख्या संघाची घडी विस्कटते. स्कोअर बघावा तर गडी सामन्याला सहा-सात गुण करणारा. तेवढे गुण दुसरा कुणीही करेल ना? मित्राचं म्हणणं, हरल्यावर शोधून काढलेली ही कारणं. जाणकारांनी सांगावं, हे नक्की कुठे दिसतं?

पाच_नंबर (नौपाडा)

तुमचा मित्र फक्त गुण मोजतोय, म्हणून त्याला ते दिसत नाही. मी स्वतः सेंटर, म्हणजे रिंगखालच्या उंच गड्याच्या जागी, खेळले आहे, आता संध्याकाळी मुलींना शिकवते, त्यामुळे या विषयावर जरा सविस्तर लिहिते.

२०१० ची फायनल घ्या (सातपैकी चार सामने जिंकायचे). बोस्टन सेल्टिक्स लेकर्सविरुद्ध ३-२ ने पुढे होते. सहाव्या सामन्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये त्यांचा सेंटर केंड्रिक पर्किन्सचा गुडघा गेला. त्या हंगामात त्याची सरासरी जेमतेम १० गुणांची. गार्नेट, पिअर्स, रे अ‍ॅलन आणि रोंडो यांच्याबरोबर सुरुवात करणारा हा पाचवा, बहुतेकांना शेवटी आठवणारा. तो सामना लेकर्सनी ८९-६७ असा एकतर्फी घेतला.

सातवा सामना लॉस एंजेलिसला, आपल्याकडे १८ जूनची सकाळ. लेकर्सचा स्टार कोबी ब्रायंटचे २४ पैकी फक्त ६ शॉट्स गेले. अख्ख्या लेकर्स संघाची नेमबाजी बोस्टनपेक्षा वाईट होती. तिसऱ्या क्वार्टरमध्ये बोस्टनकडे १३ गुणांची आघाडी होती. एवढं असून लेकर्स ८३-७९ ने जिंकले. आक्रमणातले रिबाउंड (रिंगवरून परतलेला चेंडू पकडणं) बघा: लेकर्स २३, बोस्टन ८. आपलाच चुकलेला शॉट लेकर्सनी २३ वेळा परत मिळवला.

पर्किन्सचं काम नेमकं तिथलं. शॉट सुटला की आधी माणूस शोधायचा, त्याला पाठीवर घ्यायचं आणि रिंगपासून लांब रेटायचं. मग चेंडू रोंडो किंवा गार्नेट उचलणार आणि रिबाउंड त्यांच्या नावावर लागणार. त्या रेटण्याचा रकाना स्कोअरशीटवर नसतो.

आता पुढचं जास्त महत्त्वाचं. पर्किन्सच्या जागी ३५ वर्षांच्या रशीद वॉलेसने सुरुवात केली. तो वाईट खेळला नाही, ११ गुण केले. पण एरवी तो बेंचवरून उतरून मोठ्या गड्यांना विश्रांती द्यायचा. ते काम करायला आता बेंचवर कोण? खिंडार पर्किन्सच्या जागेवर पडलंच नाही, ते बेंचवर सरकलं. म्हणून आपण त्याच्या जागेकडे बघत बसतो आणि तिथे सगळं ठीक दिसतं.

आमच्याकडचंच सांगते. गेल्या वर्षी आमची उंच मुलगी बारावीमुळे एका स्पर्धेला नव्हती. ती गुण फार करत नाही, पण तिची स्क्रीन, म्हणजे बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखं उभं राहणं, अशी भक्कम की शूटरच्या मागे येणारी बचावपटू अडकतेच. ती नव्हती तेव्हा आमच्या सर्वोत्तम शूटरचे शॉट्स जाईनात. पालक म्हणाले, हिचा फॉर्म गेला. फॉर्म तोच होता, फक्त प्रत्येक शॉटला समोर एक हात उभा होता. बिचारी घरी जाऊन रडली. ज्यांना कुणी मोजत नाही त्यांच्या नसण्याचं खापर असं भलत्याच्या माथ्यावर फुटतं, याचं मला फार वाईट वाटतं.

वाशीकर_पॉइंटगार्ड

ताई, बरंचसं पटलं. पण त्या सामन्यात लेकर्सना ३७ फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) होते आणि बोस्टनला १७, हेही लिहायला हवं. शिवाय लेकर्सच्या गॅसोलने १८ रिबाउंड घेतले, तो मुळातच थोर खेळाडू. सगळं पर्किन्सवर टाकता येणार नाही.

माझं उदाहरण २०१६ चं. वॉरियर्सनी हंगामात ७३ सामने जिंकलेले, फायनलमध्ये ३-१ ने पुढे, आणि तरी क्लीव्हलंडकडून हरले. लोकांना पाचव्या सामन्याची त्यांच्या ड्रेमंड ग्रीनवरची बंदी आठवते. त्याच सामन्यात त्यांचा सेंटर अँड्र्यू बोगटचा गुडघा दुखावला आणि तो उरलेले दोन्ही सामने खेळला नाही, हे कुणी बोलत नाही. सातव्या सामन्यात पाचेक मिनिटं असताना क्लीव्हलंडच्या लेब्रॉनसमोर वॉरियर्सचा दुसरा सेंटर फेस्टस इझीली सापडला. आधी त्याने तीनच्या शॉटवर फाउल केला, लेब्रॉनने तिन्ही फ्री थ्रो टाकले. लगेच पुढे त्याच्याच डोक्यावरून तीन गुण. झाले सहा. वॉरियर्स हरले ८९-९३. एवढ्या बाहेर लेब्रॉनला बोगटनेही अडवलं नसतं. पण तो असता तर इझीलीवर इतकी भिस्त ठेवायची वेळ आली नसती, असं माझं मत.

पाच_नंबर

फ्री थ्रोचा मुद्दा रास्त आहे. मात्र रिंगखाली चेंडू पुन्हा पुन्हा त्यांच्याच हाती पडत राहिला की फाउलही वाढतात, त्यामुळे मी ते दोन आकडे वेगळे धरत नाही. गॅसोलबद्दल वाद नाही. बोगटचं उदाहरण आवडलं, साखळी तीच आहे.

घोडबंदर_३३

दोघांचे आभार. ताई, मग पुढच्या वेळी कुणी असा खेळाडू बाहेर असेल तर मी काय टिपून ठेवू? प्लस-मायनस चालेल का?

पाच_नंबर

एका सामन्याच्या प्लस-मायनसवर (तो कोर्टवर असताना संघाने केलेले गुण वजा खाल्लेले गुण) जाऊ नका. त्यात बरोबरच्या चौघांचं नशीब मिसळलेलं असतं. वीस-पंचवीस सामन्यांचं मिळालं तर बघा, तो कोर्टवर असताना आणि नसताना.

आधी त्याची मिनिटं कुणाला मिळाली ते लिहा. मग त्या माणसाची जुनी मिनिटं कुणाकडे गेली ते लिहा, खरी पडझड बहुधा या दुसऱ्या नावापाशी सापडते. दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला, बेंचवरचे गडी उतरतात तेव्हा, आघाडी किती होती आणि किती राहिली हेही टिपा. आणि शॉट सुटल्यावर निदान काही वेळा चेंडूवरून नजर काढून रिंगखालच्या पाठी बघा. लोकलमध्ये फोनच्या स्क्रीनवर ते दिसणार नाही, रविवारी घरी टीव्हीवर लावा.