माळ्यावरच्या ४३ कॅसेटी संगणकावर कशा घ्याव्यात?

अडगळीची_खोली

माळ्यावरून कॅसेटींचा खोका खाली आला आहे. तीस सी-६० (साठ मिनिटांच्या), बारा सी-९० आणि एक सी-१२०. विकतच्या कॅसेटी आधीच बाजूला काढल्या, त्यातली गाणी आता कुठेही मिळतात. या ४३ घरी भरलेल्या आहेत, साधारण १९८२ ते १९९१ मधल्या: गीतमाला, ‘आपली आवड’, आकाशवाणीवरच्या श्रुतिका, गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा आणि गच्चीवरच्या गाण्यांच्या भेंड्या. काही थेट टू-इन-वनवर, काही रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून.

अडचणी अशा: पाच कॅसेटींच्या खिडकीतून पांढरी भुकटी दिसते. एकीची टेप तुटली आहे. एकीतला स्पंजाचा तुकडा निघून आत खुळखुळतो. घरात बंद पडलेला एक डेक आहे. ऑनलाइन वॉकमनसारखं यूएसबी यंत्र मिळतं, ते घ्यावं का? आणि संगणकावर घेताना सेटिंग काय ठेवायची?

कामाचं सांगा. ते दिवसच वेगळे होते, हे मला ठाऊक आहे.

कॅपस्टन

सगळ्यात आधी ४३ कॅसेटींच्या मागच्या कडेचे दोन्ही चौकोनी कान मोडून टाका. ते शाबूत असतील तर रेकॉर्डचं बटण दाबलं जातं, आणि चुकून दाबलेल्या पाच सेकंदांना पुढे काही इलाज नाही.

यूएसबी वॉकमन घेऊ नका. त्याचं फ्लायव्हील, म्हणजे टेपचा वेग स्थिर ठेवणारं जड चाक, नाण्याएवढं असतं, त्यामुळे आवाज लहरतो. बोलण्यात ते खपून जातं, पण पेटीचा लांब सूर लागला की लगेच कळतं. शिवाय बहुतेकांत हेडचा, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा, कोन जुळवायला जागाच नसते.

घरातला डेकच दुरुस्त करा. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या डेकमध्ये बहुतेक वेळा बेल्ट गेलेला असतो, एक तर सैल पडतो नाहीतर वितळून काळा डांबर होतो. डांबर झाला असेल तर पुली अल्कोहोलने घासून पूर्ण स्वच्छ करा, नवा बेल्ट जुन्या मापापेक्षा पाच टक्के लहान घ्या. मग टाकाऊ कॅसेट लावा. प्ले दाबल्यावर उजवं चाक जोमानं फिरतंय ना, ते बघा. ते अडखळलं तर टेप गोळा होत नाही आणि रबरी चाकाभोवती गुंडाळली जाते. ‘टेप खाल्ली’ म्हणतात ते हेच.

सफाईला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड. हेड, कॅपस्टन (टेप ओढणारी फिरती दांडी) आणि रबरी चाक पुसा, बोळा तपकिरी यायचा थांबेपर्यंत. रबराला अल्कोहोल ओझरतंच लावा, भिजवू नका.

आता मुख्य गोष्ट, हेडचा कोन, म्हणजे अझिमथ. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसवलेला बारीक स्क्रू असतो. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या डेकच्या हेडचा कोन वेगळा असला की वरचे सूर मरतात आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. लोक म्हणतात टेप खराब झाली. टेप चांगली असते, हेड तिरकं असतं. आधीची जागा मार्करने खूण करून ठेवा. डावा-उजवा एकत्र करून मोनोत ऐका आणि स्क्रू हळूहळू, घड्याळाच्या काट्याच्या पाच-पाच मिनिटांइतका फिरवा. ‘स’, ‘श’, ‘च’ सगळ्यात धारदार ऐकू येतील तिथे थांबा. मोनोतच ऐकायचं, कारण कोन चुकला की दोन्ही वाहिन्या एकमेकींना खातात आणि फरक कानाला झटकन कळतो.

घरी भरलेल्या कॅसेटींसाठी हे प्रत्येक कॅसेटला करावं लागतं, कधी कधी प्रत्येक बाजूला.

बुरशी_विभाग

पांढरी भुकटी म्हणजे बुरशी. त्या पाच कॅसेटी आजच वेगळ्या पिशवीत घाला आणि चांगल्या डेकमध्ये अजिबात लावू नका, नाहीतर बाकीच्या ३८ मध्ये तीच पसरेल. हे काम पावसाळ्यात करू नये. आत्ता हवा दमट असेल तर दिवाळीपर्यंत थांबा.

कोरड्या दिवसांत सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा दिवस ठेवा. ओली बुरशी चोपडली जाते, वाळलेली झटकता येते. उन्हात ठेवू नका, कवच वाकडं होतं. मग एन-९५ मास्क लावून गॅलरीत बसा. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर सपाट टेबलावर ‘ए’ बाजू वर ठेवून उघडा आणि उघडल्या उघडल्या फोनवर फोटो काढा. कोपऱ्यातले दोन रूळ, त्यांच्या पिना आणि वरखालचे पातळ पारदर्शक कागद कुठे होते, हे दहा मिनिटांनी आठवत नाही. रिळाची कड मऊ ब्रशने झटका. जुनं कवच फेकून द्या आणि दोन्ही रिळं दुसऱ्या कवचात बसवा.

म्हणजे बाजूला काढलेल्या विकतच्या कॅसेटी रद्दीत घालू नका! स्क्रूवाली कवचं त्यांतूनच मिळतील. कवच चिकटवलेलं असेल तर सांध्यावर पातळ पातं चालवून फोडावं लागतं, तेही टेपच्या तोंडापासून लांबच्या कडेने. नंतर ती कॅसेट एखाद्या टाकाऊ यंत्रात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, समोर येणारी टेप मऊ कोरड्या कापडाच्या चिमटीतून जाऊ द्या. प्रत्येक बाजूनंतर हेड पुसा.

खुळखुळणारा तुकडा म्हणजे प्रेशर पॅड. पितळी रंगाच्या बारीक पट्टीवर नमद्याचा चौकोन असतो, तो टेप हेडला टेकवून धरतो. तो नसला की आवाज येतो-जातो आणि बोदा होतो. जुना तुकडा परत चिकटवत बसू नका. गोंद झिरपला की टेपलाच चिकटतो. दुसऱ्या कॅसेटमधली पट्टी तुकड्यासकट काढून बसवा.

तुटलेली टेप साध्या सेलोटेपने जोडू नका, त्याचा गोंद उन्हाळ्यात बाहेर येतो आणि शेजारच्या वेढ्याला धरतो. कॅसेटसाठीची स्प्लाइसिंग टेप ३.८१ मिमी रुंद मिळते. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून ४५ अंशांत एकाच कापात छाटा, टोकाला टोक भिडवा, एकावर एक चढवू नका. साधारण दीड सेंटिमीटरची पट्टी टेपच्या आतल्या बाजूला लावा, म्हणजे हेडकडे तोंड नसलेल्या बाजूला, आणि नखाने दाबा. कात्री स्टीलची असेल तर तिला चुंबकत्व आलेलं नाही ना, टाचणी लावून बघा. चुंबकी कात्रीने कापलं की त्या जागी ‘टक्’ असा आवाज राहतो.

अडगळीची_खोली

हेड पुसायला घरात सॅनिटायझर भरपूर पडलाय, तो चालेल का? आणि डेकवर डॉल्बीचं बटण आहे, ते चालू ठेवायचं का? खरखर कमी होते त्याने.

कॅपस्टन

सॅनिटायझर नको. त्यात ग्लिसरीन आणि वास असतो, हेडवर थर बसतो. डॉल्बी, म्हणजे खरखर कमी करायची सोय, बंद. टू-इन-वनवर भरताना डॉल्बी नव्हतं, तर वाजवताना लावून खरखरीबरोबर वरचे सूरही कापले जातात.

खर्ज_आणि_पंचम

संगणकाकडे वळू. डेकच्या मागच्या लाइन-आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या लाइन-इनला जोडा. लॅपटॉपच्या एकुलत्या एक भोकात घालू नका, ते बहुधा माइकसाठी असतं, एकच वाहिनी घेतं आणि आवाज फाटतो. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ ठेवा. आवाजाची पातळी कॅसेटच्या सगळ्यात मोठ्या जागेला उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. भेंड्यांत हरलेली बाजू एकदम ओरडते, तिथेच फाटतं.

तुमच्या कॅसेटींचा हिशेब: ३० + १८ + २, म्हणजे ५० तास. या सेटिंगला तासाला साधारण १ जीबी, म्हणजे एकूण ५२ जीबीच्या आसपास. फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवता फाइल लहान करणारा प्रकार) साठवलं तर निम्म्यावर येईल. एमपीथ्री फक्त नातेवाइकांना पाठवायला. ५० तास म्हणजे ५० तासच लागणार, दुप्पट वेगाने वाजवून नंतर निम्मं करायच्या नादी लागू नका.

भरलेलं मोनो असलं तरी स्टिरिओतच घ्या. मोनो हेडची पट्टी स्टिरिओच्या दोन्ही पट्ट्या व्यापते, म्हणजे तुम्हाला त्याच आवाजाच्या दोन प्रती मिळतात. दोन्ही सारख्या असतील तर एकत्र करा, खरखर सुमारे ३ डेसिबलने उतरते. एक कड चुरगळलेली असेल तर दुसरी वाहिनीच वापरा.

आता वेग. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. तो जवळपास सहा टक्क्यांनी चढला की काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं. आधी डेक तपासा: विकतच्या दोन-तीन कॅसेटींतली गाणी घड्याळ लावून मोजा आणि डिजिटल प्रतीशी ताडा. २०० सेकंदांचं गाणं १९४ मध्ये संपलं तर डेक तीन टक्के जोरात आहे. बऱ्याच मोटरांच्या मागे बारीक भोक असतं, आतला स्क्रू फिरवून वेग कमी-जास्त होतो.

मग घरच्या कॅसेटी. सेलवर भरलेल्या असतील तर गंमत बघा: सेल उतरत गेले तशी भरताना मोटर मंदावली, म्हणून आता वाजवताना बाजूच्या शेवटी सगळेजण चढ्या, बारीक आवाजात बोलतात. ऑडॅसिटीत ‘चेंज स्पीड’ वापरून तुकड्या-तुकड्याने खाली आणा. ‘चेंज पिच’ नको, त्याने सूर उतरतो पण लय धावतीच राहते. पेटी असेल तर तिचा सा हाच मापदंड धरा.

विजेच्या ५० हर्ट्झच्या घरघरीवरून वेग काढायचा सल्ला काही जण देतात. आपल्याकडे तो बेभरवशाचा. त्या काळी ग्रीडची फ्रिक्वेन्सीच खालीवर व्हायची, आणि तुमच्या डेकची आजची घरघर त्यात मिसळलेली असते ती वेगळीच.

मध्यम_लहर

खरखर काढण्याबद्दल थोडं. नॉइज रिडक्शनचा सरसकट मारा करू नका. २४ डेसिबल लावलं की आवाज पाण्याखालून बुडबुडल्यासारखा येतो आणि तो परत नीट होत नाही. ६ ते ९ पुरे. नमुना घ्यायचा तो भरलेल्या भागातल्या शांत जागेचा. कोऱ्या टेपची खरखर वेगळी असते.

रेडिओवरून थेट घेतलेल्यांना तर त्याचीही गरज नाही. मध्यम लहरीवर ५-६ किलोहर्ट्झच्या वर कार्यक्रम फारसा नसतोच, तिथे असते ती टेपची आणि हवेतली सळसळ. ७ किलोहर्ट्झला लो-पास फिल्टर (त्याच्या वरचं सगळं कापणारा) लावा, निम्मं काम झालं. गीतमालेचे भाग १९८९ च्या आधीचे असतील तर ते रेडिओ सिलोनचे, शॉर्टवेव्हवरचे. त्यातला आवाजाचा चढउतार कॉम्प्रेसरने (लहान-मोठा आवाज एका पातळीवर आणणारं साधन) सपाट करायला गेलात तर आवाज बुडतो तेव्हा खरखर उसळून वर येते. तसाच राहू द्या. एकाच सुरातली शिट्टी मात्र तेवढाच सूर कापणाऱ्या नॉच फिल्टरने अलगद निघते.

ज्या कॅसेटी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरल्या, त्यांना हा लो-पास लावू नका. तिथे माइकने खोलीही भरली आहे. कुकरची शिट्टी, भांड्यांचा खणखणाट, ‘कडी लाव गं’, हे सगळं ७ किलोहर्ट्झच्या वरपर्यंत जातं. अझिमथ जुळवायलासुद्धा निवेदकाच्या आवाजापेक्षा ओट्यावर ठेवलेली वाटी जास्त उपयोगी पडते.

खर्ज_आणि_पंचम

वाटीचं पटलं. पण मूळ फाइलला हात न लावता सफाई प्रतीवर करायची, हे लिहायचं राहिलं. मूळ एक डिस्कवर, दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, तिसरी घराबाहेर.

अडगळीची_खोली

डेक चालू झाला, बेल्टच होता. पहिल्या चार सी-६० घेतल्या. स्क्रू एवढासा फिरवल्यावर निवेदिका एकदम खोलीत आल्यासारखी झाली! सी-१२० मात्र चमत्कारिक आहे. प्रत्येक वाक्याच्या आधी तेच वाक्य पुसट ऐकू येतं. डेक बिघडला का?

बुरशी_विभाग

डेक ठीक आहे. सी-१२० ची टेप फक्त ९ मायक्रॉन जाडीची असते, सी-६० ची जवळपास दुप्पट. वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटतं. वाजवण्याआधी दोन-तीनदा पूर्ण फिरवली की हे बऱ्यापैकी उतरतं. पण फास्ट फॉरवर्ड नको, इतकी पातळ टेप झटक्याने ताणली जाते. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत प्लेवरच जाऊ द्या, आवाज बंद ठेवून. वेळ जाईल.

मध्यम_लहर

तेवढ्या वेळात नावं द्यायचं उरका. कॅसेटच्या कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो, आणि फाइलचं नाव ‘१७-अ’, ‘१७-ब’ असं कॅसेटवर चिकटवलेल्या आकड्यावरून. कार्डावर वर्ष नसेल तर त्या बाजूवरचं सगळ्यात नवं चित्रपटगीत शोधा, भरल्याची तारीख त्याच्या आधीची असूच शकत नाही. फक्त एक सावधगिरी: एकाच कॅसेटवर दोनदा भरलेलं असतं. मध्येच ‘खट्’ असा आवाज येऊन कार्यक्रम बदलला की तिथून पुढे वेगळी तारीख धरा.

आणि यूट्यूबवर टाकायचा विचार असेल तर भेंड्या खुशाल टाका, मात्र त्यात ज्यांचे आवाज आहेत त्यांना विचारून. श्रुतिकांचं तसं नाही. प्रसारणावरचा हक्क २५ वर्षांनी संपतो, पण लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो.

अडगळीची_खोली

१७-ब वर शेवटची चार मिनिटं नुसतं कुणीतरी रेडिओचं बटण फिरवतंय. तेही ठेवायचं?

मध्यम_लहर

कापू नका. फिरवताना मध्येच एखादं केंद्र आपलं नाव सांगतं, वेळ सांगतं. तारीख बहुधा तिथेच सापडते.