मार्गदर्शन सप्टेंबरपासून नको, मार्चपासून हवं

इंग्लंडमध्ये सहावीनंतर प्राथमिक शाळा सोडून सातवीत माध्यमिक शाळेत जाणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांना मार्गदर्शन म्हणून गणित-इंग्रजीत मदत केली की पुरे, असं काही जण म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. तिथे माध्यमिक शाळा कुठली मिळाली हे मार्चच्या सुरुवातीला कळतं, शाळा सुरू होते सप्टेंबरात. मधल्या सहा महिन्यांत मुलाच्या मनात काय चाललंय, ते गुणांवरून कळत नाही. मी दक्षिण लंडनमध्ये अशा मुलांसोबत आठवड्याला तासभर बसते. जमैकन आजी-आजोबांचा ११ वर्षांचा नातू नव्या शाळेचं वेळापत्रक रंगवत होता. प्राथमिकला वर्षभर एकच बाई, इथे विषयागणिक वेगळे शिक्षक. खडू खाली ठेवून म्हणाला, "मी वाईट नाही हे एवढ्या सगळ्यांना कसं कळणार?" भीती उगाच नव्हती. कॅरिबियन वंशाच्या मुलांचं निलंबन सरासरीपेक्षा जास्त होतं, हे सरकारी आकडेच वर्षानुवर्षं सांगतात.

केसांचा मुद्दा तर कुणीच काढत नाही. गणवेशाच्या नियमांत डोक्यालगतच्या वेण्यांना मनाई वाचून त्याची आई केस कापायलाच निघाली होती. ब्रिटनच्या समानता आणि मानवी हक्क आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्येच शाळांना बजावलंय, की अफ्रो, वेण्या अशा केशरचनांवर सरसकट बंदी बहुधा बेकायदा ठरेल. आम्ही दोघींनी बसून जूनमध्येच शाळेला पत्र लिहिलं. पहिल्या दिवशी तो वेण्या घालूनच गेला.